तोक्योतला मुळ्याचा नैवेद्य

देवळाली म्हटले की माणसे नाशिककडे बोट दाखवतात. ती छावणीची देवळाली. आमची देवळाली निराळी. राहुरी तालुक्यातली, अहिल्यानगर जिल्ह्यातली (जुन्या मंडळींच्या तोंडी अजून नगरच), आणि ओळख पटावी म्हणून नावापुढे प्रवरा जोडून घेतलेली. १९२६ मध्ये भंडारदऱ्याचे धरण पुरे झाले. प्रवरेच्या कालव्यांनी या मुलखात पाणी आले, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून साखर कारखाने आले. त्यामुळे हिवाळा म्हणजे आमच्याकडे गळीत हंगाम. रस्त्याने उसाच्या गाड्यांची रांग, हवेत मळीचा वास आणि संध्याकाळी दारोदार शेकोट्या. अशा ऐन हंगामात आम्ही घराला कुलूप लावून जपानला निघालो, तेव्हा गावाने दोनच प्रश्न विचारले: "एवढ्या थंडीत?" आणि "तिथे खाणार काय?"

दोन्ही प्रश्न रास्त होते. तिसरा प्रश्न गावाला ठाऊक नव्हता. तो आम्ही घरातून बरोबर नेत होतो. आमचे चिरंजीव तोक्योत नोकरीला आहेत. नात सहा वर्षांची झाली. जपानी शाळांचे वर्ष एप्रिलात सुरू होते, आणि येत्या एप्रिलात तिला पहिलीत घालायचे होते. जपानी शाळेत घालावे, तिथल्या भारतीय शाळेत घालावे, की सूनबाईंनी तिला घेऊन देवळालीला यावे? माझ्या आईचे मत पक्के होते: पोरगी घरी आणा, नाही तर ती आपल्याशी बोलायची नाही. वय अठ्ठ्याहत्तर, गळ्यात तुळशीची माळ, गुडघे दुखरे. तरी हे मत तोंडावर सांगण्यासाठी ती विमानात बसली. डिसेंबर २०२४ च्या अखेरीस आम्ही तोक्योत उतरलो.

चिरंजीवांचे बिऱ्हाड निशिकासाईत आहे. तोक्योच्या एदोगावा या प्रभागातली ही वस्ती. २००० सालाच्या आसपास संगणकाच्या कामासाठी भारतीय तरुण जपानला जाऊ लागले, त्यांतले बरेच इथे स्थिरावले. आज तिथे भारतीय वाणसामानाची दुकाने आहेत. तूरडाळ मिळते, कणीक मिळते. याच प्रभागाच्या सभेवर २०१९ मध्ये योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. जपानमध्ये निवडणूक जिंकणारे ते पहिले भारतीय वंशाचे गृहस्थ.

थंडी मात्र कोरडी नि बोचरी. आभाळ निळेभोर, ऊन स्वच्छ, आणि सावलीत पाऊल टाकले की दात वाजतात. त्यावर जपान्यांनी एक फार शहाणा उपाय काढला आहे. त्याचे नाव कोतात्सू. बुटके टेबल, त्याच्या पोटाशी विजेची शेगडी, आणि वरून चहूबाजूंनी जमिनीपर्यंत पसरलेली रजई. रजईत पाय घालून बसायचे आणि संत्री सोलत गप्पा मारायच्या. आईने पाय आत घातले आणि जाहीर केले, "ही घरातली शेकोटी." नातीने तिला संत्रे सोलून दिले. दोघींत शब्द थोडेच झाले. पणजीने विचारावे मराठीत, नातीने उत्तर द्यावे अर्धे मराठीत, अर्धे जपानीत. आईने माझ्याकडे पाहिले. सांगत होते ना, असा त्या पाहण्याचा अर्थ होता.

खाण्याचा प्रश्न पहिल्याच दिवशी उभा राहिला. जपानी स्वयंपाकाचा पाया म्हणजे दाशी नावाचे पाणी. बोनिटो मासा उकडून, धुरी देऊन, वाळवून लाकडासारखा टणक करतात. मग रंध्यावर किसून तो कीस पाण्यात उकळतात. हेच पाणी नूडल्सच्या वाडग्यात, भाजीत, आमटीत. वर नुसती कांद्याची पात तरंगत असली तरी खाली मासा असतोच. उलट रस्त्यावर ताइयाकी नावाची पोळी मिळते, ती हुबेहूब माशाच्या आकाराची आणि आत गोड पुरण! म्हणजे जिथे मासा दिसतो तिथे मासा नाही, आणि जिथे दिसत नाही तिथे आहे. माळकरी बाईने करावे काय? तरीही ताइयाकीच्या पिठात अंडे असते, म्हणून आईने ती नातीला दिली आणि स्वतः पुरणाची चौकशी केली. अझुकी नावाच्या तांबड्या कडधान्याचे ते पुरण असते. पुढे एका दुकानात त्याचीच गरम खीर तांदळाच्या चिकट गोळ्यासह मिळाली, आणि नगर जिल्ह्यातल्या पुरणाने जपानच्या पुरणाला मान्यता दिली.

सूनबाईंनी एका कार्डावर जपानीत लिहून ठेवले होते: मांस, मासे, अंडे चालत नाही, माशाचे पाणीही चालत नाही. ते कार्ड आम्ही पासपोर्टाइतके जपले. कुटुंबासह जाणाऱ्यांनी हे अवश्य करावे. हॉटेलवाले ते दोनदा वाचतात, आत जाऊन विचारतात आणि जमत नसेल तर वाकून नमस्कार करून तसे स्पष्ट सांगतात. बौद्ध भिक्षूंचे शोजिन जेवण मिळाले तर सोडू नये. मांस-मासे नाहीत, कांदा-लसूणही वर्ज्य. दाशी कोंबू नावाच्या समुद्रशेवाळाची. आई म्हणाली, "यांचा बारमाही चातुर्मासच की!" एकादशीची चिंता तर मुळीच पडली नाही. हिवाळ्यात तिथे तापल्या दगडांवर भाजलेली रताळी विकतात, मधासारखी गोड.

एकतीस डिसेंबरच्या मध्यरात्री जपानातल्या बौद्ध देवळांत घंटेचे एकशेआठ ठोके पडतात. मनुष्याचे एकशेआठ विकार, एकेका ठोक्याला एक गळून पडावा, अशी भावना. आम्ही जवळच्या एका देवळात गेलो. आईने हातात जपमाळ घेतली आणि ठोक्याला एक मणी सरकवू लागली. नात जपानीत मोजत होती. मध्येच पणजीसाठी मराठीत मोजू लागली आणि एकोणपन्नासला अडली. "यात पन्नास कशाला?" तिने विचारले. जपानी आकडे सरळ आहेत: अकरा म्हणजे दहा-एक, एकोणपन्नास म्हणजे चार-दहा-नऊ. आईने हसत सांगितले, "अगं, पन्नासाला एक उणा." एकोणसाठला नात अडली नाही. एकशेआठाव्या ठोक्याला मेरुमणी आला आणि दोघींनी तो मिळून धरला.

नव्या वर्षाच्या गर्दीतून आम्ही आसाकुसाच्या सेन्सोजी देवळात गेलो. इ. स. ६२८ मध्ये दोघा कोळी भावांच्या जाळ्यात सुमिदा नदीतून कान्नोनची मूर्ती आली, अशी कथा आहे. नदीत सापडलेला देव म्हटल्यावर आईला काही परके वाटेना. अंगणातल्या मोठ्या पात्रात उदबत्त्या जळतात. दुखऱ्या भागावर तो धूर घ्यायचा. आईने ओंजळ भरभरून गुडघ्यांना घेतला.

तिथून थोड्या चालीवर नदीकाठच्या टेकाडावर मात्सुचियामा शोदेन हे देऊळ आहे. इथला देव कांगितेन, म्हणजे आपला गणपतीच. बौद्ध धर्माबरोबर भारतातून निघून चीनमार्गे इथवर पोचलेला. मूर्ती गुप्त असते, दर्शन कोणाला नाही. आणि नैवेद्य? मुळा! पांढराशुभ्र, मनगटाहून जाड. देवळातच मुळे मिळतात, भक्त ते वाहतात, आणि वाहिलेले मुळे प्रसाद म्हणून घरी न्यायला मिळतात. भिंतीवर, खांबांवर जोडमुळ्याची चिन्हे. दरवर्षी ७ जानेवारीला इथे मुळ्याचा उत्सव असतो.

आई थक्क होऊन म्हणाली, "मोदक सोडून मुळा खातोस होय रे?" नातीने गंभीरपणे खुलासा केला, "पणजी, इथे थंडीत मुळा गोड लागतो. म्हणून त्याला आवडतो." हे सगळे ती मराठीत बोलली. तो तिचा आजवरचा सर्वांत लांब मराठी संवाद होता. प्रसादाचा मुळा घरी आला. आईने तो किसून भिजवलेली मूगडाळ, लिंबू आणि फोडणी घालून कोशिंबीर केली. जेवायला बसल्यावर नात हात जोडून "इतादाकिमासु" म्हणाली. मी नम्रपणे स्वीकारते, असा त्याचा अर्थ. आईने अर्थ विचारून घेतला आणि मग आपला श्लोक म्हटला.

परतायच्या आधी चिरंजीव आम्हांला दप्तराच्या दुकानात घेऊन गेले. जपानात पहिलीच्या मुलाला रांदोसेरू नावाचे कडक, पाठीवरचे दप्तर लागते, आणि ते आजी-आजोबांनी घ्यावे अशी रीत आहे. सहा वर्षे टिकते. किंमत पन्नास-साठ हजार येन, म्हणजे सुमारे तीस हजार रुपये. एवढ्यात आमच्या वेळी अख्ख्या वर्गाची दप्तरे आली असती. पण मला अडखळायला झाले ते किमतीने नव्हे. दप्तर घेणे म्हणजे जपानी शाळा पत्करणे. मी आईकडे पाहिले. ती एक तपकिरी दप्तर हातात घेऊन शिवण तपासत होती. "घे," ती म्हणाली. "पण पोरीने रोज माझ्याशी बोलायचे. मराठीत."

तेरा जानेवारीला भोगी. देवळालीहून नेलेल्या बाजरीच्या भाकरी, तीळ लावून. तोक्योच्या बाजारातली गाजरे, वांगी आणि मुळा यांची मिसळीची भाजी. नातीने सांगितले की आठवडाभरापूर्वी त्यांच्याकडेही सात पालेभाज्या घातलेली तांदळाची पेज करतात. आईने ती कृती लिहून घ्यायला लावली.

एप्रिलात नात शाळेत गेली. तोक्यो आपल्यापुढे साडेतीन तास आहे. तिथे संध्याकाळचे सात वाजले की आमच्याकडे दुपारचे साडेतीन होतात, आणि आई झोप टाकून फोन घेऊन बसते. कधी नात मराठीत अडते, कधी आई जपानीत. आईचे जपानी आकडे आता नव्याण्णवपर्यंत आले आहेत.