मुशीतून वाचलेले

माणसाला एखादा तरी छंद असावा म्हणतात. माझा छंद अमेरिकेच्या जुन्या सोन्याच्या नाण्यांचा आहे. हे ऐकून आपण माझ्याकडे आदराने पाहू लागला असाल, तर जरा थांबा. माझ्या संग्रहात नाणे एकही नाही! अमेरिकेतला भाचा तिकडच्या लिलावांच्या सचित्र याद्या धाडतो, त्या मी जपून ठेवतो, इतकेच. "तुमच्या संग्रहात गुंजभर तरी सोनं आहे का हो?" असे आमच्या सौभाग्यवतींनी एकदा विचारले, तेव्हा मी निमूटपणे पान उलटले.

पण त्या पानांत जीव रमतो खरा. फिलाडेल्फियाच्या टांकसाळीत १७९५ साली सोन्याची पहिली नाणी पाडली गेली. पाठीवर गरुड, म्हणून दहा डॉलरचे नाणे 'ईगल' आणि पाचाचे 'हाफ ईगल'. गंमत अशी, की या पहिल्या नाण्यांवर किंमत कुठेच लिहिलेली नाही. हाफ ईगल म्हणजे बावीस कॅरटचे पाऊण तोळा वजन. सोन्याने आपली किंमत आणखी तोंडाने कशाला सांगावी?

पण हे सोनेच त्या नाण्यांच्या जिवावर उठले. १७९२ च्या कायद्याने एक भार सोन्याला पंधरा भार चांदी असा भाव बांधून दिला होता. युरोपात त्याच सोन्याला साडेपंधरा भारांच्या आसपास चांदी मिळे. व्यापाऱ्याला आणखी काय हवे? नाणी जहाजांतून परदेशी जाऊ लागली आणि तिकडे वितळू लागली. दहाचे नाणे पाडणे १८०४ मध्ये थांबवावे लागले, ते थेट १८३८ पर्यंत. त्याआधी १८३४ साली नव्या नाण्यांतले सोने कायद्याने कमी केले. मग तर जुन्या पाचाच्या नाण्यातले सोने पाच डॉलरांहून जास्त भरू लागले आणि उरलीसुरलीही मुशीत गेली.

टांकसाळीच्या नोंदीप्रमाणे १८२२ साली १७,७९६ हाफ ईगल पाडले गेले. त्या सालचा शिक्का असलेली आज ठाऊक आहेत ती तीन! दोन वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहेत. तिसरे १९८२ साली ६,८७,५०० डॉलरांना विकले गेले आणि २०२१ साली ८४ लाखांना. या तिघांत सोने बाकीच्यांहून गुंजभरही जास्त नव्हते. ज्यांच्या ज्यांच्या हाती ती आली, त्यांना कधी ना कधी पैशांची नड भासलीच असेल. तरी ती मुशीत गेली नाहीत, एवढेच त्यांचे भाग्य.

हे वाचताना मला दर वेळी आमच्या गावच्या सराफाची पेढी आठवते. धाकट्या बहिणीचे लग्न ठरले होते आणि पाटल्या करायच्या होत्या. आईची पुतळ्यांची माळ मी स्वतः घेऊन गेलो. सराफांनी कस लावला, वजन केले, घट किती धरायची ते सांगितले. मग चष्म्यावरून पाहत म्हणाले, "एखादी पुतळी मागं ठेवायची का, आठवण म्हणून?"

मी मनात हिशेब केला. एक ठेवली तर पाटल्या तेवढ्या हलक्या होणार.

"नको," मी म्हणालो, "सगळ्या घ्या."

आईला हे मी कधी सांगितले नाही, आणि तिनेही कधी विचारले नाही.

गेल्या दिवाळीत भाऊबीजेला बहीण आली होती. पाटल्या हातात होत्या. चांगल्या जाड आहेत. माझ्या याद्या चाळता चाळता तिने एकदम विचारले, "दादा, आईच्या पुतळ्यांवर कोण होतं रे? राम-सीता का?"

पुतळीचे वळण व्हेनिसच्या डकट नाण्यावरून आले, हे मला ठाऊक आहे. त्या डकटवर संत मार्क असे आणि त्याच्यापुढे गुडघे टेकलेला व्हेनिसचा राज्यप्रमुख, हेही वाचलेले आहे. १८२२ च्या हाफ ईगलवर तारे किती, हे तर मी झोपेतही सांगेन. ते तेरा आहेत. पण आमच्या आईच्या पुतळ्यांवर कोण होते, हे मला सांगता आले नाही. त्या दिवशी मी तराजूच्या काट्याकडे पाहत होतो.