‘मला गळा नाही’ म्हणणाऱ्या शिक्षकांविषयी

शाळेत मुलांचे समूहगान का होत नाही, असे सातारा आणि सांगली जिल्ह्यांतल्या प्राथमिक शिक्षकांना विचारले, की बहुतेकांचे उत्तर ठरलेले असते. "गळा नाही हो आम्हाला. परिपाठाला स्पीकर लावतो, मुलं त्याच्यामागं म्हणतात."

आम्ही काही कार्यकर्ते गेली काही वर्षे या शिक्षकांसाठी समूहगानाच्या कार्यशाळा घेतो. आमच्यात संगीत विशारद कुणी नाही. एक जण हलगी वाजवतो, दोघे जयंतीच्या कार्यक्रमात गातात, बाकीचे आमच्यासारखे समाजशास्त्र शिकून समाजकार्यात आलेले. या कामातून आमचे एक मत पक्के झाले आहे. गळा नसणे ही शरीराची तक्रार नाही. ती समाजाने शिकवलेली तक्रार आहे.

खटाव तालुक्यातल्या एका कार्यशाळेत एका बाईंनी सकाळभर तोंड उघडले नाही. दुपारी जेवताना कळले की चौदा एप्रिलला वस्तीच्या स्टेजवर त्या दीड-दोन तास गातात, माईक असो वा नसो. मग शाळेत का नाही? त्या म्हणाल्या, "ते आपलं वस्तीतलं गाणं. शाळेतलं म्हणजे संगीत असतं ना सर." हे एक वाक्य घेऊन आम्ही त्या दिवशीची उरलेली दुपार घालवली. पिएर बोर्द्यू ज्याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो, ते यापेक्षा सोप्या शब्दांत आम्हाला एम.ए.च्या वर्गातही कुणी सांगितले नव्हते. एका घरातले गाणे ‘संगीत’ ठरते आणि दुसऱ्या घरातले ‘वस्तीतले’. ज्याच्या घरचे संगीत ठरले त्याला गळा असतो. बाकीच्यांना स्पीकर.

आणि हे कुठे चालले आहे? विष्णु दिगंबर पलुस्कर १८७२ साली जन्मले ते कुरुंदवाडला आणि शिकले मिरजेला. त्यांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढले आणि दरबारात अडकलेले गाणे फी भरून शिकता येईल असे केले. ते मोठे काम होते, आम्ही ते नाकारत नाही. अब्दुल करीम खाँ याच मिरजेत राहिले. तानपुरे आणि सतारी आजही मिरजेत शिकलगार कारागिरांच्या हातून घडतात. हत्यारांना धार लावणाऱ्यांचे हे घराणे. पण त्याच सांगली जिल्ह्यातल्या वाटेगावचे अण्णाभाऊ साठे शाळेत गेले ते दीड दिवस, असे सगळे सांगतात. अण्णाभाऊंनी अमर शेख आणि द. ना. गवाणकर यांच्याबरोबर १९४४ साली लाल बावटा कलापथक उभे केले आणि हजारो कामगारांना गायला लावले. समूहाला गायला लावण्याची विद्या या मातीत आहे. वाईजवळच्या पसरणीचे शाहीर साबळे घ्या. त्यांच्या आवाजातले ‘जय जय महाराष्ट्र माझा’ २०२३ पासून राज्यगीत आहे आणि ते शाळांनी परिपाठात घ्यावे असा शासन निर्णय आहे. एका शाहिराने लोकांपुढे उभे राहून गायलेले गाणे, आणि त्याच्याच तालुक्यातल्या शाळेत ते मोबाइलमधून वाजते!

शासनाने शिकवायला माणूस दिला आहे का? शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात कलाशिक्षणासाठी अंशकालीन निदेशक आहे, पण तो सहावी ते आठवीसाठी आणि तोही पट शंभराच्या वर असेल तर. जत, आटपाडी, माण, पाटण इथल्या दोन शिक्षकी शाळेला तो मिळणार नाही. म्हणजे गाणे घ्यायचे तर ज्या बाई गणित आणि पोषण आहाराची नोंद बघतात त्यांनीच घ्यायचे. म्हणून शिक्षकाला तयार करणे हाच रस्ता उरतो.

आता आम्ही काय करतो ते सांगतो. यात जादू काही नाही.

पहिल्या सत्रात गाणे नसतेच. सगळ्यांनी ‘आ’ म्हणायचे आणि समोरच्याची मूठ मिटली की थांबायचे. पाळीपाळीने प्रत्येक जण मूठ मिटतो. कारण आमच्या लक्षात आले की शिक्षकांना गाण्याची जितकी भीती असते त्याहून जास्त भीती तीस मुले एकदम थांबवण्याची असते. गाणे सुरू झाले आणि हातात राहिले नाही तर? एकदा आपल्या मुठीबरोबर चाळीस माणसे गप्प होतात हे बघितले, की खांदे खाली येतात. हसू फुटते. हे अर्ध्या तासात होते.

मग पट्टी. गुरुजी आपल्याला सोयीच्या पट्टीत, साधारण काळी एकमध्ये, गाणे उचलतात. चाल खालच्या पंचमाकडे उतरली की मुलांचा आवाज तिथे पोहोचत नाही, मुले पुटपुटतात. गुरुजी म्हणतात, "मोठ्यानं!" मुले किंचाळतात. निष्कर्ष निघतो की गुरुजींनाही गळा नाही आणि मुलांनाही नाही. तेच गाणे पांढरी तीन किंवा चारला उचलून बघा. मुलांचा आवाज हलका होतो, ओरडणे आपोआप कमी होते. गुरुजींना स्वतः तिथे पूर्ण गाणे गाता आले नाही तरी काही बिघडत नाही. त्यांनी पेटीवर किंवा मोबाइलमधल्या तानपुऱ्यावर सूर द्यायचा, पहिली ओळ म्हणून दाखवायची, आणि मुले गात असताना गप्प राहून ऐकायचे. गप्प राहणे शिक्षकांना सगळ्यात जड जाते, हे इथे नमूद करतो.

लयीला हलगी. गाणे ज्या लयीत गायचे त्याच लयीत आधी चार ठोके, चौथ्यावर श्वास, मग गाणे. ‘एक-दोन-तीन’ म्हणून कशीही सुरुवात करण्यापेक्षा हे मुलांना लगेच कळते.

शिकवण्याची पद्धत आम्ही पुस्तकातून आणली नाही. शाहीर ओळ टाकतो, झीलकरी उचलतात. सत्यशोधक जलशात हेच होते, आंबेडकरी जलशात हेच होते, आणि आपल्या आजीच्या जात्यावर दोघी बायका बसल्या की हेच होते. भीमराव कर्डकांच्या जलशाने निरक्षर माणसांना लांबलचक गाणी तोंडपाठ करवली ती याच रीतीने. खटावच्या त्या बाईंना आम्ही नवीन काही शिकवले नाही. जे चौदा एप्रिलला करता तेच सोमवारी करा, एवढेच सांगितले. आता त्यांच्या शाळेत परिपाठाला स्पीकर लागत नाही.

इथे काही मित्र आमच्याशी वाद घालतात. ते म्हणतात, मुलांना वाचता येत नाही, शिष्यवृत्तीच्या परीक्षेत आपली मुले मागे पडतात आणि तुम्ही गाणी काय घेऊन बसलात? दलितांनी गावापुढे वाजवायचे, गायचे, नाचायचे हे जातीने लादलेले काम. बाबासाहेबांनी ते सोडायला सांगितले आणि तुम्ही परत हलगी हातात देता? दुसरा आक्षेप वजनदार आहे. पण लादलेले काम आणि वर्गात सगळ्या जातींच्या मुलांनी मिळून केलेले गाणे एक नव्हे. हलगी मातंगाच्याच मुलाच्या हातात देणार असाल तर आक्षेप बरोबर आहे. आमच्या कार्यशाळेत ती फिरती असते. देशमुखांच्या मुलीनेही ठोका धरायचा. आणि बाबासाहेब स्वतः उतारवयात व्हायोलिन शिकत होते.

आम्हाला समूहगान का हवे, याचे खरे उत्तर साताऱ्यातच आहे. ७ नोव्हेंबर १९०० रोजी याच शहरातल्या सरकारी शाळेत भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झाले. त्या मुलाला वर्गात वेगळे बसावे लागे, घरून आणलेल्या तरटावर. शिपाई नसेल तर पाणी नसे. पुढे १९२४ साली याच साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटलांनी वसतिगृहात सगळ्या जातींची मुले एका पंगतीला बसवली. गाण्याची रांग ही तशीच पंगत आहे. खांद्याला खांदा लावून उभे राहायचे, एका ठोक्याला श्वास घ्यायचा, शेजारच्याचा आवाज ऐकून आपला जुळवायचा. स्पीकरमागे पुटपुटताना यातले काही होत नाही.

म्हणून निवड करायची नाही, हा आमचा एकच कडक नियम आहे. चांगल्या गळ्याची दहा मुले पुढे आणि बाकीची मैदानावर, ही स्नेहसंमेलनाची पद्धत. जत तालुक्यातल्या एका शिक्षिकेला तिच्या लहानपणी शाळेत सांगितले गेले होते, "तू नुसतं तोंड हलव." वडील लग्नाच्या बँडमध्ये वाजवणारे. तिने वीस वर्षे तोंडच हलवले. एका सुरात न गाणारे मूल बहिरे नसते, त्याला आपला आवाज वरखाली जातो हेच सापडलेले नसते. कारखान्याच्या भोंग्यासारखा आवाज खालून वर न्यायला सांगा, पक्के गाणाऱ्या मुलाशेजारी उभे करा, महिना-दोन महिने थांबा.

आणि काय गायचे, हेही आत्मविश्वास असलेला शिक्षकच ठरवू शकतो. ज्याला स्वतः गाणे घेता येत नाही तो तयार गाण्यांची पेनड्राइव्ह घेऊन येणाऱ्या कुठल्याही मंडळाला परिपाठ देऊन टाकतो. मग जिल्हा परिषदेच्या शाळेत देवाची आरती सुरू होते आणि कुणाला संविधानाचा अनुच्छेद २८ आठवत नाही. केरळातल्या तीन मुलांना राष्ट्रगीत म्हटले नाही म्हणून शाळेतून काढले होते. मुले आदराने उभी होती, गात नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ साली त्यांना परत शाळेत घ्यायला लावले. गाण्याची सक्ती नको, हे आम्ही प्रत्येक कार्यशाळेत सांगतो. ‘हम होंगे कामयाब’ आपल्या शाळांत सगळीकडे म्हणतात. ते ज्या इंग्रजी गाण्यावरून आले ते अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या लढ्यात गाजले, आणि टेनेसीतल्या हायलँडर नावाच्या शाळेत कार्यकर्त्यांना ते शिकवले जाई, लोकांकडून गाऊन कसे घ्यायचे यासह. मुलांना हे सांगून मग गायला लावा. फरक ऐकू येतो.

सध्या अडचण एका शाळेत आहे, तिचे नाव लिहीत नाही. कार्यशाळा करून गेलेल्या गुरुजींनी परिपाठाला हलगी आणली. मुख्याध्यापक म्हणाले, "हलगी नको, मिरवणूक वाटते." गुरुजींनी विचारले, "सर, ढोलकी चालेल? तबला?" त्यावर तबला चालेल असे उत्तर मिळाले. शाळेत तबला नाही, आणि तो विकत घ्यायला पैसेही नाहीत. मुले तोच ठेका बाकावर धरतात. विषय शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत आहे. समितीतल्या तीन पालकांशी आमचे बोलणे झाले आहे, चौथ्यांना रविवारी भेटतो.