चाकाचा चिखल
काल पनवेल-कर्नाळा रस्त्याला, आमच्या बांधापाशी, दहा-बारा बुलेट थांबल्या. पोरं हेल्मेट काढून गप उभी राहिली. गेल्या वर्षी आषाढात त्यांचा मित्र इथंच गाडी घसरून गेला. एकाने दगडावर हार ठेवला. मी पाणी नेऊन दिलं. "रस्त्यावर चिखल होता काका," एवढंच तो बोलला.

माझ्या पोटात गोळाच आला. तेव्हा भातलावणीचे दिवस. चिखलणी करून माझाही ट्रॅक्टर त्याच रस्त्याने घरी गेलेला. कोणाचा चिखल, कोण सांगणार? डांबरावर ओली माती म्हणजे साबणच.

आज चिखलणी झाल्यावर शेतातच फावड्याने चाकं खरवडली, रस्त्यावर पडलेली ढेकळं ओढून काढली. वीस मिनिटं गेली. जाऊ देत. तुम्हीपण करा.