रिकाम्या तारखा

भिलाईला भूतकाळ कमी. आमच्या गावात किल्ला नाही, नदीचा घाट नाही, कुणा सरदाराचा वाडा नाही. २ फेब्रुवारी १९५५ला पोलाद कारखान्यासाठी सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते पहिल्या ब्लास्ट फर्नेसचं उद्घाटन झालं, आणि धानाच्या शेतांतून सेक्टर एकामागून एक उगवत गेले. सरळ रस्ते, एकसारखे क्वार्टर, प्रत्येक सेक्टरला शाळा आणि बाजार. वारसा दाखवा म्हणून कुणी हटून बसलाच, तर फार तर कारखान्याची चिमणी दाखवता येईल.

तरी दोन जागा आहेत. सेक्टर एकमधलं नेहरू हाऊस आणि सिव्हिक सेंटरमधलं महात्मा गांधी कलामंदिर. कारखाना उभारला की कामगारांसाठी सांस्कृतिक भवनही उभारायचं, ही रशियातली रीत. ती इथे छान रुजली, कारण ज्या मातीत रुजायची होती ती आधीच गाणारी होती. ज्यांना पुढे पद्मविभूषण मिळालं त्या तीजनबाई याच पंचक्रोशीतल्या, गनियारीच्या. त्यांनी भिलाई स्टील प्लांटमध्ये नोकरी केली, आणि हातात तंबुरा घेऊन पंडवानीतला, म्हणजे छत्तीसगढी महाभारत-गायनातला, भीम जगभर नेला. दुर्गजवळच्या बघेऱ्यात १९७१ साली दाऊ रामचंद्र देशमुखांनी ‘चंदैनी गोंदा’ हा लोककलेचा मंच उभा केला. आम्हा मराठी मंडळींचा वाटा त्या मानाने किरकोळ. गोंदिया, भंडारा, नागपूरकडून आलेले क्लार्क, फोरमन आणि मास्तर गणपतीत नाटक बसवायचे. जनरल शिफ्ट संपवून, सायकल भिंतीला टेकवून तालमीला यायचे. नायकाला नेमकी प्रयोगाच्या दिवशी सेकंड शिफ्ट लागायची आणि मग शिफ्ट बदलून घेण्यासाठी जी धावपळ व्हायची, ती नाटकापेक्षा जास्त रंगायची.

आता कामगारच कमी झाले. कारखान्याचं उत्पादन वाढलं, पण हजेरीपटावरची नावं पूर्वीच्या अर्ध्याहूनही खाली आली. मुलं पुण्याला, बंगळूरला. क्वार्टरांना कुलपं. सिव्हिक सेंटरच्या बाजारात संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसायची, तो काळ गेला. गर्दी सूर्या मॉलकडे वळली. मग कुणीतरी म्हणतंच, जुनं सभागृह नव्याने सजवा, झुंबरं लावा, खुर्च्या बदला, की बाजार आपोआप उठेल. मला ही कल्पना आवडते. आवडते म्हणूनच तिच्याकडे जरा संशयाने पाहावंसं वाटतं.

त्या संशयानेच मी मुंबईत असंच नव्याने सजवलेलं ऑपेरा हाऊस नीट पाहायला गेलो. चर्नी रोडला उतरून पायी. मामा गिरगावातल्या चाळीत जन्मापासून राहिलेला, बरोबर चल म्हटलं तर म्हणाला, “तू ये जाऊन. मी रोज बाहेरून बघतो की.”

ही वास्तू उभी करणारे दोघे: मॉरिस बँडमन हा नाटकं फिरवणारा व्यावसायिक, आणि जहांगीर फ्रामजी कराका हे पारशी गृहस्थ. कराकांचा धंदा कोळशाच्या दलालीचा. कोळशाच्या पैशातून ऑपेरा उभा राहतो, हे भिलाईकराला ऐकायला बरं वाटतं. १९०९मध्ये काम सुरू झालं आणि १९११मध्ये, काम पुरतं झालेलं नसतानाच, पंचम जॉर्जने उद्घाटन करून टाकलं. (अर्धवट कामाचं उद्घाटन ही आपल्या काळाची देणगी नव्हे, हे कळून जरा हलकं वाटलं.) इटलीचा संगमरवर, ससून घराण्याने दिलेली झुंबरं, घुमटाच्या आठ पाकळ्यांत कवी आणि नाटककारांना मानवंदना. पण या दिमाखदार घरात फक्त साहेबाचा ऑपेरा नांदला नाही. बालगंधर्वांचा स्वर इथे घुमला, चाळीसच्या दशकात पृथ्वीराज कपूर आपली ‘पृथ्वी थिएटर्स’ घेऊन इथे उभे राहिले. मग सिनेमा आला, बॉक्स पाडून बाल्कनी वाढली, नक्षीवर रंगाचे थरावर थर बसले. १९५२मध्ये गोंडलच्या राजघराण्याने ही वास्तू विकत घेतली आणि १९९३मध्ये, तोटा सोसवेना म्हणून, दाराला कुलूप लागलं.

पुढची पंधरा वर्षं ते कुलूप तसंच. २००८च्या सुमारास आभा नारायण लांबा या वास्तुविशारद बाईंनी काम हाती घेतलं. जुन्या फोटोंवरून पाडलेले बॉक्स पुन्हा बांधले, वादकांसाठीचा खड्डा पुन्हा केला, रंग खरवडून मूळ सोनेरी आणि तांबड्या छटा शोधल्या. ऑक्टोबर २०१६मध्ये पडदा पुन्हा वर गेला. मुंबईत जन्मलेल्या सोप्रानो पॅट्रिशिया रोझारिओ तिथे गायल्या. २०१७मध्ये युनेस्कोच्या आशिया-प्रशांत पुरस्कारांत या कामाला गुणवत्तेचा मान मिळाला. मी आत शिरलो आणि मान वर करून बघतच राहिलो. पावणेसहाशेच्या आतबाहेर खुर्च्या. इतकं सुंदर, इतकं आटोपशीर सभागृह आपल्या देशात दुसरं सहज आठवत नाही.

बाहेर आलो तर रस्ता निराळीच गोष्ट सांगत होता. एकेकाळी इथल्या पंचरत्न इमारतीच्या आसपास हिऱ्यांचा बाजार फुटपाथवर उभा असायचा. शर्टाच्या खिशातून कागदाची पुडी निघायची आणि लाखोंचे व्यवहार तोंडी व्हायचे. २०१०मध्ये वांद्रे-कुर्ला संकुलात भारत डायमंड बोर्स उघडलं, १३ जुलै २०११ला इथे बॉम्बस्फोट झाला, आणि व्यापारी भराभर तिकडे गेले. त्यांच्यामागून चहावाले, डबेवाले, झेरॉक्सवाले. लॅमिंग्टन रोडवरची सिनेमागृहं त्याआधीच विझू लागली होती. पिला हाऊसपासून गिरगावापर्यंतचा हा पट्टा म्हणजे मुंबईच्या रंगभूमीचं माहेर. ग्रँट रोडच्या नाट्यगृहात १८५३मध्ये विष्णुदास भाव्यांनी खेळ केला, आणि याच भागातल्या बालीवाला थिएटरात ८ जुलै १९२१ला बालगंधर्व आणि केशवराव भोसले यांचा ‘संयुक्त मानापमान’ झाला. त्या घरांपैकी आता ओळखू येण्याजोगं काय उरलंय? म्हणून ऑपेरा हाऊस वाचलं याचं मोल मोठं आहे, आणि ते मालकाने हिकमतीने वाचवलं. पण ज्या रात्री प्रयोग नसतो त्या रात्री समोरच्या पानवाल्याला घुमटाच्या आठ पाकळ्यांचा काही उपयोग नसतो.

रात्री मामाला विचारलं, “मामा, एकदा तरी आत गेलास का रे?”

“लग्नाच्या वर्षी सिनेमा बघितला तिथे. आता तिकीट परवडायला हवं, आणि आपल्या आवडीचं काही लागायला हवं. त्यापेक्षा आमचा साहित्य संघ बरा. केळेवाडीत जायचं, नाटक बघायचं, वडा खाऊन घरी.”

मामाने सगळं प्रकरण वड्यावर आणून ठेवलं, आणि ते बरोबरच होतं. बाजार जगतो तो नाटकाआधीच्या आणि नंतरच्या अर्ध्या तासावर. नाटकवाल्यांच्या तोंडी कायम एक शब्द असतो: तारखा. तारखा मिळाल्या का, शनिवार-रविवारची तारीख कुणाकडे गेली, अमक्या गावात तारखा लावल्या का. नाट्यगृहाची तब्येत या तारखांवरून कळते, गिलाव्यावरून नाही.

कोल्हापुराने हे फार मोठी किंमत मोजून दाखवलं. शाहू महाराजांनी १९१३ ते १९१५ या काळात खासबाग मैदानाला लागून पॅलेस थिएटर बांधलं. पुढे त्याला संगीतसूर्य केशवराव भोसले यांचं नाव मिळालं. एका भिंतीपलीकडे कुस्ती, अलीकडे नाटक. ८ ऑगस्ट २०२४च्या रात्री त्याला आग लागली, छत कोसळलं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती. त्या जळक्या भिंतींपुढे नट, तंत्रज्ञ, प्रेक्षक जमले आणि मोठमोठी माणसं रस्त्यात उभी राहून रडली. मागणी एकच होती, होतं तसंच पुन्हा उभं करा. ज्या घरात आपण शाळेच्या गॅदरिंगपासून राज्य नाट्य स्पर्धेपर्यंत चढलो-उतरलो, त्याच घरासाठी माणूस असा रडतो. वर्षातून चार वेळा उघडणाऱ्या हॉलसाठी कुणी रडल्याचं मी ऐकलेलं नाही.

अमेरिकेतल्या क्लीव्हलंडची हकीकत तर आमच्याच भिलाईची चुलत बहीण शोभावी. तेही पोलादाचं गाव. तिथे १९२१-२२मध्ये एकाच परिसरात पाच भव्य थिएटरं बांधली गेली आणि साठच्या दशकाअखेर त्यांतली बहुतेक बंद पडली. १९७२मध्ये दोन पाडून तिथे गाड्या लावायला जागा करायचं ठरलं. रे शेपर्डसन हा शिक्षण मंडळातला एक नोकरदार माणूस ती वाचवायच्या मागे लागला. त्याच्याकडे दुरुस्तीचे पैसे नव्हते. म्हणून त्याने १९७३मध्ये एका थिएटरच्या नुसत्या लॉबीत, मोडक्या वैभवात, एक छोटा संगीताचा खेळ लावला. काही आठवडे चालेल म्हणून लावलेला खेळ दोन वर्षांहून जास्त चालला. लोकांना तिकडे जायची सवय लागली. त्यानंतर पैसे आले, गिलावा आला, झुंबरं आली. आज तो सगळा परिसर नाटकांवर उभा आहे.

मला या क्रमात अर्थ दिसतो. आपल्याकडे क्रम उलटा असतो: आधी निविदा, मग कोनशिला, मग फीत, मग कुलूप. आणि भाडं असं, की हौशी संस्थेने विचारूच नये. चकचकीत केलेली किती सभागृहं आज फक्त निरोप समारंभ आणि कंपन्यांची परिसंवादसत्रं यांसाठी उघडतात, ते आपापल्या गावात बघून घ्यावं.

भिलाईपुरतं बोलायचं तर आमच्या दोन्ही जागा अजून उभ्या आहेत, आणि हे अर्धं भांडवल झालं. ज्यांच्या हातात किल्ल्या आहेत त्यांनी शनिवारची संध्याकाळ कायमची मोकळी ठेवावी, भाडं शिफ्टवाल्या माणसाला झेपेल इतकं ठेवावं, आणि दाराबाहेर चहा-वड्याच्या गाड्यांना हाकलू नये. एक शनिवार पंडवानीचा, एक ‘नाचा’ या इथल्या लोकनाट्याचा, एक तेलुगू, मल्याळी, बंगाली मंडळींचा, एक आमचा. वर्षाचे शनिवार बावन्न. गणपती आणि दुर्गा बसवणारी मंडळं या गावात त्याहून कितीतरी जास्त आहेत. तेव्हा सेक्टरातल्या प्रत्येक मंडळाला माझी विनंती आहे, तुमची तारीख आधी धरा. खुर्च्यांचं आणि झुंबरांचं नंतर बघू.