जाळीच्या आतली नळी

आपल्याकडे 'घरी केलेलं' हे विशेषण लोणच्याला, पापडाला आणि ईदच्या शेवयांना शोभतं. तिथं ते कौतुकाचं असतं. गाडीचा एखादा भाग मात्र कंपनीतून न येता गॅरेजात तयार झाला, की त्याला एकच शब्द मिळतो: जुगाड. कधी हा शब्द गमतीनं वापरतात, बहुतेकदा हिणवून. काम कसं झालं, कशानं तपासलं, हे कोणी विचारत नाही. शब्द चिकटतो आणि विषय संपतो. मागच्या हिवाळ्यात आम्ही एका जिप्सीच्या ऑइल कूलरच्या नळ्या गॅरेजात बनवल्या, तेव्हापासून हा शब्द माझ्या डोक्यात घोळतो आहे.

माझं आजोळ गॅरेजवाल्यांचं. मोठ्या मामूंनी कोल्हापुरात उद्यमनगरच्या आसपास छोटं गॅरेज टाकलं, आता ते मामेभाऊ चालवतो. तो वयानं मोठा, म्हणून मी त्याला भाईजान म्हणतो. मी डिप्लोमा करून शिरोली एमआयडीसीतल्या एका कारखान्यात तपासणी विभागात नोकरीला लागलो. रविवारी मात्र पाय आपोआप गॅरेजकडे वळतात. तिथं एकोणीस-वीस वर्षांचा एक शागीर्द आहे. दहावीनंतर शाळा सुटली, पण हात असा, की आटे बिघडलेला बोल्ट नुसता चाचपून सांगतो.

जिप्सी ज्यांची होती ते शेतकरी गृहस्थ. १९८५ साली मारुतीनं ही गाडी आणली, आता तिचं उत्पादन बंद आहे. पण डोंगरातल्या मातीच्या वाटांवर फिरणारे हौशी लोक तिला सोडायला तयार नाहीत. या दादांची गाडी गगनबावड्याच्या बाजूला चिखलातून, चढावरून खालच्या गिअरमध्ये तासन् तास चाले. वेग कमी, इंजिनावर ताण जास्त, समोरून वारा नाही. अशा वेळी पाण्याचा काटा ठिकाणावर असला तरी तेल तापत जातं. तापलेलं तेल पातळ होतं आणि बेअरिंगमध्ये त्याचा जो पातळ थर धातूला धातूपासून दूर ठेवतो, तो कमजोर पडतो. यावर उपाय म्हणजे ऑइल कूलर. रेडिएटरसारखाच, पण तेलासाठी. ऑइल फिल्टर आणि इंजिन यांच्यामध्ये एक सँडविच प्लेट बसते. तिच्यातून तेल एका नळीनं कूलरकडे जातं आणि दुसऱ्या नळीनं परत येतं. प्लेटमध्ये थर्मोस्टॅट असलेला बरा. साधारण ८० अंशांपर्यंत तो तेलाला कूलरकडे फारसं जाऊ देत नाही, कारण तेल फार थंड राहिलं तर त्यात साचलेली वाफ उडून जात नाही.

कूलर आणि प्लेट विकत मिळतात. खरा प्रश्न नळ्यांचा. या दोन नळ्यांतून इंजिनाचं सगळं तेल फिरतं. त्यातली एक निसटली, तर पंप काही क्षणांत तेल रस्त्यावर ओततो. चालकाला दिवा दिसून गाडी बंद करेपर्यंत बेअरिंग गेलेलं असतं. गरम सायलेन्सरवर तेल पडलं तर आगही लागते. त्यामुळं दादांचं म्हणणं रास्त होतं. ते म्हणाले, "मिस्त्री, काय घालायचं ते चांगलं घाला. जुगाड नको."

आम्ही आधी तयार नळ्याच मागवल्या. स्टीलची चकचकीत जाळी, टोकाला निळी-लाल फिटिंग. फोटोत दिसतात तशाच आल्या. भाईजाननं एका टोकाचं लाल-निळं बोंडूक ओढलं, तर ते सरकलं. खाली साधी क्लॅम्प. जाळी बोटांनी मागं सारली, तर आत पाण्याच्या रेडिएटरला लावतात तसली रबरी पाईप. जाळी नुसती अंगरखा होती. तिचा रबराशी, दाबाशी काही संबंध नव्हता. विकणाऱ्यानं नळ्या परत घेतल्या, पण त्यात आठवडा गेला. भाईजान शागिर्दाला एवढंच म्हणाला, "अंदर से देखने का. बाहर से तो सब चमकताच है."

खऱ्या नळीत जाळी कामाची असते. आत तेल सोसणारं कृत्रिम रबर, त्यात दाबानं फुगू नये म्हणून विणीचा आधार आणि वर त्याला घट्ट बसलेली स्टेनलेस स्टीलची जाळी. उद्यमनगरात जेसीबी, ट्रॅक्टर आणि कारखान्यांच्या यंत्रांसाठी होस पाईप करून देणारी दुकानं आहेत. त्यातल्या एका काकांकडे आम्ही गेलो. ते म्हणाले, "मशीनवर दाबून देतो की दोन मिनिटांत." तसं करून घेण्यातही काही वाईट नाही. पण दाबलेली फिटिंग एकदाच बसते. आम्हाला पान्ह्यानं उघडून पुन्हा वापरता येणारी हवी होती, म्हणजे पुढं नळी जुनी झाली तर फक्त रबर बदलता येईल.

इथं मापांचा गोंधळ समजून घ्यावा लागतो. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात अमेरिकेच्या लष्करानं आणि नौदलानं विमानांच्या नळ्यांसाठी एक समान मापपद्धती धरली, तीच आज 'एएन' म्हणून ओळखली जाते. त्यातला आकडा म्हणजे इंचाचे सोळावे भाग. दहा नंबर म्हणजे १०/१६, अर्थात ५/८ इंच बाहेरचा व्यास असलेल्या धातूच्या नळीला जुळणारं माप. ऑइल कूलरला बहुधा हेच चालतं. त्याचे आटे ७/८ इंच व्यासाचे आणि इंचाला १४. तोंडाचा उतार ३७ अंश. हायड्रॉलिकवाल्यांची जेआयसी फिटिंगही ३७ अंशांचीच असते, त्यामुळं काकांकडचं सामान उपयोगी पडलं. पण त्याच कपाटात बीएसपी असतं, त्याचा उतार वेगळा. आमच्या कूलरच्या तोंडाला मेट्रिक आटे होते, २२ मिलिमीटर. ७/८ इंच म्हणजे २२.२ मिलिमीटर. फरक इतका थोडा, की चुकीचा नट एक-दोन आटे चढतो आणि मग अडकतो. अननुभवी माणूस तिथं मोठा पान्हा लावतो आणि कूलरचं ॲल्युमिनियमचं तोंड खराब होतं. योग्य ॲडॉप्टर घ्यायचा, जोर लावायचा नाही.

मग बाकावरचं काम. आधी गाडीवर एक जुनी पाण्याची पाईप फिरवून लांबी घेतली. ताणून मोजायचं नसतं. इंजिन आपल्या रबरी पायांवर हलतं, नळी दाबाखाली थोडी आखडते, आणि वळण फार आवळलं तर ती आतून दुमडते. कापायच्या जागी टेप घट्ट गुंडाळली, नाहीतर जाळीच्या तारा फुलासारख्या उमलतात आणि बोटांत शिरतात. बारीक दातांचं हॅक्सॉ ब्लेड लावून, टेपच्या मधोमध, काटकोनात कापलं. शागिर्दानं कापलेलं तोंड बाकावर उभं करून पाहिलं, नळी कलली नाही. त्यानंतर कॉम्प्रेसरच्या हवेनं आतला भुसा उडवला. हा भुसा बेअरिंगकडे गेला तर सगळ्या मेहनतीवर पाणी.

फिटिंगचे दोन भाग असतात. बाहेरची वाटी आणि आत घुसणारा दांडा. नळी वाटीत फिरवत फिरवत ढकलायची, एकही तार बाहेर डोकावता कामा नये. वाटीच्या आतल्या आट्यांच्या अलीकडे ती थांबली पाहिजे. मग वाटीच्या कडेला लागून नळीवर टेपची खूण करायची. ही खूण फार महत्त्वाची. दांडा आत आवळताना तो नळीला मागं ढकलतो. खूण मिलिमीटरभर सरकली तर चालतं, त्याहून जास्त सरकली तर उघडून पुन्हा. दांड्याला आणि रबराच्या तोंडाला इंजिन तेल लावलं, वाइसच्या जबड्यांवर ॲल्युमिनियमच्या पट्ट्या ठेवल्या आणि शागिर्दानं पान्हा फिरवायला घेतला. शेवटी दांड्याचा षट्कोन आणि वाटी यांत कार्डाएवढी फट उरते, तिथं थांबायचं. चार टोकांपैकी एका टोकाला खूण जास्त सरकली होती. कोणी काही बोलायच्या आधी त्यानं ती स्वतः उघडली.

यानंतरची पायरी बरेच जण गाळतात. नळीच्या एका टोकाला बॅटरी धरून दुसऱ्या टोकातून बघायचं. दांडा आत शिरताना कधीकधी रबराची साल सोलतो, तिची झडप तयार होते आणि तेलाची वाट अडते. बाहेरून हे कधीच कळत नाही. गळत नाही म्हणजे ठीक आहे, असं समजून गाडी चालू केली तर इंजिन उपाशी राहतं.

आता चाचणी. नळ टाकणारे मिस्त्री पाईपलाइन तपासायला हाताचा पंप वापरतात. पाण्याची टाकी, दांडा आणि काटा. तोच भाड्यानं आणला. नळीच्या एका टोकाला बूच, दुसऱ्या टोकाला ॲडॉप्टर लावून पंप. आतली हवा पूर्ण काढून टाकली. हवेनं दाब देऊन बादलीत बुडबुडे बघायची पद्धत आहे, पण कोंडलेली हवा स्प्रिंगसारखी असते. फिटिंग सुटलं तर ते गोळीसारखं येतं. पाणी जवळजवळ दाबलं जात नाही, म्हणून काही सुटलं तर दाब तिथंच पडतो. गरम इंजिनात तेलाचा दाब साधारण ३ ते ४ किलो असतो, थंडीत चालू करताना त्याहून जास्त. आम्ही १५ किलोपर्यंत नेलं आणि दहा मिनिटं थांबलो.

त्या दिवशी भाईजाननं दादांना मुद्दाम बोलावलं होतं. ते स्टुलावर बसून काट्याकडे बघत राहिले. दहा मिनिटं मोठी असतात. काटा हलला नाही. त्यांनी वाकून चारही टोकांवरून बोट फिरवलं, कोरडं. मग विचारलं, "कंपनीवाले पण असंच करतात काय?" भाईजान म्हणाला, "चांगले करतात ते असंच करतात, दादा. फक्त तुम्हाला दाखवत नाहीत."

मला या वाक्याचं मोल कारखान्यात कळतं. तिथं प्रत्येक भागाबरोबर कागद जातो: कोणी तपासलं, कधी, किती दाबाला. त्या कागदामुळं लोक भाग विकत घेतात. आमच्या गल्लीतल्या गॅरेजांत काम अनेकदा तितकंच चोख असतं, पण सगळं तोंडी. उस्तादाकडून शागिर्दाकडे हात जातो, नजर जाते, कागद जात नाही. मग बाहेरच्या माणसाकडे त्या कामाला म्हणायला एकच शब्द उरतो. गेल्या काही वर्षांत आमच्या समाजातल्या लोकांना 'पंक्चरवाले' म्हणून चिडवायची टूम समाजमाध्यमांवर निघाली आहे. त्यावर रागावून लिहिणारे पुष्कळ आहेत. मला वाटतं, टायर नीट बसवणाऱ्या माणसाला लाज वाटावी असं त्यात काही नाही. पण त्याच्या कामाची नोंद नसणं ही आपली उणीव आहे आणि ती भरून काढणं आपल्या हातात आहे.

म्हणून मी कारखान्यात वापरतात तशा धातूच्या छोट्या चिठ्ठ्या आणल्या. शागिर्दानं त्यावर ठोकून लिहिलं: तारीख, १५ किलो, १० मिनिटं. खाली आपल्या नावाचं पहिलं अक्षर. नळ्या वाळवून, आतून स्वच्छ तेलानं धुऊन गाडीवर चढवल्या. जाळी जिथं जाईल तिथं कानसेसारखी घासते, चेसिस असो की वायर, म्हणून रबर लावलेल्या क्लिपांनी ती बांधली. सायलेन्सरपासून दूर ठेवली. इंधनाचा फ्यूज काढून, तेलाचा दिवा विझेपर्यंत नुसता स्टार्टर मारला आणि मग गाडी चालू केली. कूलर आणि नळ्या भरल्यावर पातळी उतरते, ती पुन्हा भरली.

कोणाला असं करायचं असेल, तर एक सांगतो. हे तेलाच्या नळ्यांपुरतं ठेवा. ब्रेकच्या नळीत दाब कितीतरी पट जास्त असतो, त्या बाकावर बनवू नका, तयार आणि तपासलेल्याच घ्या. आणि पहिल्या घाटानंतर, मग दर सर्व्हिसला, टेपच्या खुणा बघा.

दादांनी दोन आठवड्यांनी गाडी आणली. खुणा जागच्या जागी होत्या. त्यांनी सोबत ट्रॅक्टरची एक गळकी पाईप आणली होती. ती बदलून झाल्यावर ते म्हणाले, "पंपाला लावा बघू." शागिर्दानं पंप ओढला आणि खिशातून कोरी चिठ्ठी काढली. रबर कधीतरी जुनं होणारच, आणि तेव्हा ते किती जुनं आहे हे आता कोणाला आठवावं लागणार नाही.