भयाच्या दारातून करुणाकडे

भरतमुनींनी आठ रसांच्या पंगतीत भयानकालाही पाट मांडून बसवले. साहित्याच्या वर्गात मात्र भयकथेचे नाव निघाले की आम्ही अध्यापक मंडळी किंचित ओशाळतो. भयकथा रात्री वाचावी आणि सकाळी तिच्याविषयी बोलू नये, असा जणू अलिखित शिष्टाचारच आहे. हा संकोच केवळ मराठीपुरता नाही. २००३ साली नॅशनल बुक फाउंडेशनने स्टीफन किंग यांना अमेरिकी साहित्यातील योगदानाबद्दल पदक दिले, तेव्हा हॅरॉल्ड ब्लूम यांच्यासारख्या मातब्बर समीक्षकाने जाहीर निषेध नोंदवला होता. आम्ही ब्लूम यांचे वाचक आहोत आणि किंग यांचे चाहतेही. या दोहोंत विसंगती आहे असे आम्हांला वाटत नाही. का वाटत नाही, ते सांगण्यासाठी हा लेखनप्रपंच.

भरतांच्या मांडणीत भयानकाचा उगम बीभत्सात आहे, तर करुणाचा रौद्रात. किंग यांनी ‘डान्स मकाब्र’ (१९८१) या भयकथेवरील ग्रंथात स्वतःची एक उतरंड लावली आहे. सर्वांत वर, दारापलीकडे काहीतरी आहे एवढ्याच जाणिवेने येणारी धास्ती; त्याखाली, ते प्रत्यक्ष दिसल्यावर होणारा थरकाप; आणि तळाशी किळस. वरची पायरी साधली नाही तर आपण खालच्या पायरीवर उतरतो, हे ते मोकळेपणाने मान्य करतात. म्हणजे बीभत्स हा त्यांच्या लेखी अखेरचा उपाय. परंतु त्यांच्या उत्तम कादंबऱ्यांत आणखी एक जागा असते, जिचा या उतरंडीत समावेश नाही. ती जागा करुणाची. भय हे त्या घराचे दार. आत आपली गाठ पडते ती कोणाच्या तरी दुःखाशी.

‘कॅरी’ (१९७४) ही त्यांची पहिली प्रकाशित कादंबरी. तिची सुरुवातीची पाने त्यांनी कचऱ्याच्या टोपलीत टाकली होती आणि पत्नी टॅबिथा यांनी ती बाहेर काढली, ही कथा प्रसिद्धच आहे. केवळ मनोबलाने वस्तू हलवणारी मुलगी हा झाला अद्भुताचा भाग. पण कादंबरी सुरू होते ती शाळेच्या स्नानगृहात, प्रथमच ऋतुमती झालेल्या आणि आपल्याला काय होते आहे हेच न कळलेल्या एका मुलीच्या विटंबनेने. धर्मवेड्या आईने तिला काही सांगितलेलेच नसते. ब्रायन डी पाल्मा यांनी १९७६च्या चित्रपटात हे मर्म अचूक पकडले. शाळेच्या नृत्यसमारंभात वर रक्ताची बादली टांगलेली आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असते. खाली सिसी स्पेसेकच्या चेहऱ्यावर आयुष्यातला बहुधा पहिला निर्भेळ आनंद. त्या क्षणी आपल्याला बादलीचे भय वाटत नाही. हा आनंद आता संपणार, याचे वाटते.

‘द शायनिंग’च्या (१९७७) बाबतीत प्रकरण अधिक गुंतागुंतीचे आहे. हिवाळ्यात बर्फाने जगापासून तोडलेले हॉटेल; त्याची राखण करायला आलेला, दारू सोडलेला लेखक जॅक टॉरन्स; सोबत पत्नी आणि पाच वर्षांचा डॅनी. पूर्वी कधीतरी दारूच्या नशेत जॅकने याच मुलाचा हात मोडलेला आहे. हॉटेल हळूहळू जॅकचा ताबा घेते. शेवटी तो मुलाच्या जिवावर उठतो, आणि नेमक्या त्या वेळी क्षणभरासाठी त्याच्यातला बाप परत येतो व मुलाला पळून जायला सांगतो. संपूर्ण कादंबरी आम्हांला त्या एका क्षणावर तोललेली वाटते. ‘ऑन रायटिंग’मध्ये (२०००) किंग यांनी नमूद केले आहे की, ही कादंबरी लिहिताना आपण आपल्याच व्यसनाविषयी लिहीत आहोत, हे त्यांना तेव्हा उमगले नव्हते.

स्टॅन्ली क्युब्रिक यांच्या १९८०च्या चित्रपटात तो क्षण नाही. जॅक निकोल्सनचा जॅक बर्फात गोठून मरतो. बाप म्हणून तो परत येत नाही. किंग यांना हा चित्रपट रुचला नाही, आणि त्यांची ती नाराजी आजवर चर्चिली जाते. आमच्या मते ती लेखकाच्या अहंकाराहून खोल आहे. क्युब्रिक यांनी विशुद्ध भयानक निर्माण केला, आणि तो थोर आहे. पण त्यासाठी करुण वगळावा लागला. पुढे १९९७ साली किंग यांनी स्वतः पटकथा लिहून त्याची दूरदर्शन मालिका घडवली. ती मूळ कथेशी प्रामाणिक आहे. मात्र क्युब्रिकची थंडी तिच्यात उतरत नाही. हा तिढा सुटला तो २०१९ साली, माइक फ्लॅनगन यांच्या ‘डॉक्टर स्लीप’मध्ये. किंग यांच्या २०१३च्या कादंबरीवरील या चित्रपटात प्रौढ डॅनी क्युब्रिकच्याच त्या हॉटेलात परततो आणि मूळ ‘शायनिंग’मधील बॉयलरची आग अखेर पडद्यावर पेटते. बापाचा निसटलेला शेवट मुलाच्या वाट्याला येतो.

याचा अर्थ मूळ कथेशी निष्ठा हाच निकष, असा मात्र नव्हे. ‘द मिस्ट’ या दीर्घकथेच्या (१९८०) अखेरीस धुक्यातून वाट काढणाऱ्या बापलेकांपुढे आशेचा एक क्षीण धागा उरतो. फ्रँक डॅराबाँट यांनी २००७च्या चित्रपटात तोही तोडला. गाडीतले इंधन संपते. माणसे पाच, गोळ्या चार. बाप मुलासह चौघांना ‘सोडवतो’, आणि काही मिनिटांतच धुके विरून सैन्य येते. हा बदल किंग यांनी मनापासून वाखाणला. यातील राक्षस आम्हांला आज नीटसे आठवतही नाहीत. त्या बापाचा आक्रोश मात्र विसरता येत नाही. डॅराबाँट यांनीच किंग यांच्या एका लघुकादंबरीवरून ‘द शॉशँक रिडेम्प्शन’ (१९९४) केला होता. त्यात भूतबाधा औषधालाही नाही, तरी तो अस्सल किंग यांचाच वाटतो.

मराठी वाचकाला हे जग सर्वस्वी परके नाही. एका मुलाला म्हाताऱ्या, मरणासन्न आजीपाशी घरी एकटे थांबावे लागते, अशी किंग यांची ‘ग्रामा’ ही कथा. नारायण धारप (१९२५–२००८) यांनी तिला ‘आजी’ या रूपात मराठीत आणले, आणि त्या बीजातून राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा हिंदी चित्रपट अंकुरला. नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’वरून घेतलेले, पाऊस आणि पडका वाडा कोकणातला. मेन ते तुंबाड या प्रवासात कथेचे सारे अंगडे-टोपडे बदलले. तरीही शेवटी काय उरते? शापित विनायक आपल्या लोभाचा ठेवा मुलापुढे करतो. मुलगा तो नाकारतो आणि बापाला अग्नी देतो. ‘शायनिंग’मधला बाप मुलाला पळ म्हणतो, इथे मुलगा स्वतःच वारसा संपवतो. घरातल्याच माणसाचे भय, आणि त्या माणसावरचे न सुटणारे प्रेम, हे दोन्हींकडे सारखेच आहे.

किंग यांचे लेखन सर्वत्र सारख्या तोलाचे आहे, असा आमचा दावा नाही. पसरटपणा त्यांच्यात आहे. काही कादंबऱ्यांचे शेवट सैल पडतात. पण करुण रस शिकवताना आम्ही आता भवभूतींसोबत ‘शायनिंग’मधील तो क्षणही सांगतो. ज्याला भ्यायचे, त्याचीच कीव यावी, ही गोष्ट विद्यार्थ्यांना व्याख्येवाचून कळते.