खापराचे तुकडे, सोन्याची डबी

विरारला गेलो तो भाच्याच्या लग्नाला. पंगतीत शेजारी मुलीकडचे एक निवृत्त मास्तर होते, उभा जन्म शाळेत इतिहास शिकवलेले. मठ्ठ्याचा पेला खाली ठेवत म्हणाले, "उद्या काय, जीवदानी ना? पुण्याची माणसं येतात, पायऱ्या चढतात आणि जातात. अहो, एका स्टेशनावर सोपारा आहे. साक्षात बुद्ध आले होते तिथे." सोपाऱ्याचं वेड मला कॉलेजपासूनचं, पण बुद्ध कोकणात आल्याचं इतक्या ठामपणे, जिलबीच्या साक्षीने, कुणी सांगितलं नव्हतं. "आले होते कशावरून?" मी विचारलं. "उद्या चला, तिथेच भांडू," सर म्हणाले.

रात्र स्टेशनजवळच्या एका लॉजवर काढली. पंख्याला वारा कमी, आवाज जास्त. उशीला आधीच्या पाहुण्याच्या तेलाचा वास. अशा वेळी उषवदात आठवतो. नहपान क्षत्रपाचा हा जावई. नाशिकच्या लेण्यातल्या त्याच्या लेखात भरुकच्छ, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आपला सोपारा, इथे चौसोपी धर्मशाळा बांधल्याची नोंद आहे. अठराएकोणीसशे वर्षांपूर्वी इथे उतरणाऱ्या परक्याची सोय माझ्यापेक्षा खचितच बरी असणार.

सकाळी विरारहून लोकलमध्ये चढून पुढच्याच नालासोपाऱ्याला उतरायचं, हे कसलेल्या माणसाचं काम. सरांनी मला खांद्याने ढकलतच बाहेर काढलं. उतरता उतरता डब्यात टाळ वाजू लागले होते. नोकरदारांची भजनी मंडळी चर्चगेटपर्यंतची बैठक मांडत होती.

स्तूप पश्चिमेला, गावाच्या अंगाला. इमारतींच्या गर्दीतून रिक्षा सुटते आणि माड दिसू लागतात. जुनी माणसं या टेकाडाला बुरुड राजाचा कोट म्हणत. कोटाखाली स्तूप आहे हे ओळखलं पंडित भगवानलाल इंद्रजींनी. जुनागढचे हे गृहस्थ भाऊ दाजी लाडांच्या हाताखाली तयार झालेले. १८८२च्या एप्रिलमध्ये, गॅझेटियरवाले जेम्स कॅम्पबेल यांच्यासह, त्यांनी टेकाडाच्या मधोमध खणायला घेतलं. आत विटांची चौकोनी कोठडी लागली आणि कोठडीत दगडी करंडक. त्याचं झाकण काढलं तर मध्ये तांब्याची डबी आणि तिच्याभोवती बुद्धांच्या आठ छोट्या धातुमूर्ती: होऊन गेलेले सात बुद्ध आणि आठवा, अजून यायचा असलेला मैत्रेय. तांब्याच्या डबीत चांदीची, चांदीच्या आत दगडाची, तिच्या आत स्फटिकाची आणि शेवटी सोन्याची. सोन्याच्या त्या इवल्याशा डबीत काय असावं? मातीच्या भांड्याचे तेरा तुकडे. नखाएवढं खापर! त्याच्याभोवती सोन्याची फुलं, आणि करंडकात राजा यज्ञ सातकर्णीचं चांदीचं नाणं.

नाणं दुसऱ्या शतकातलं, मूर्तींची घडण मात्र आठव्या-नवव्या शतकाकडची. म्हणजे सहा-सातशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, आतलं खापर तसंच राहू दिलं, भोवती मूर्तींचा पहारा बसवला आणि पुन्हा बुजवला. भगवानलालांच्या मते हे तुकडे बुद्धांचं भिक्षापात्र म्हणून पुजले गेले होते.

"झालं?" सर विटांच्या चढाकडे हात करून म्हणाले. "पात्र आलं म्हणजे मालकही आला असेल."

"पात्र म्हणून पुजलं गेलं, एवढंच सिद्ध होतं."

"आणि पूर्णाची गोष्ट?"

सरांचा हुकमाचा एक्का हाच होता. पूर्ण हा सोपाऱ्याचा व्यापारी. बुद्धांचा शिष्य होऊन तो परत आपल्या मुलखात निघाला, तेव्हा बुद्धांनी विचारलं की तिकडची माणसं तापट, शिव्या दिल्या तर काय करशील? मारत नाहीत हा त्यांचा चांगुलपणा मानीन, पूर्ण म्हणाला. मारलं तर? दगड घालत नाहीत हा चांगुलपणा. असं करत प्रश्न जिवापर्यंत गेला आणि उत्तर बदललं नाही. पाली सुत्त इथे पूर्णाला निरोप देऊन त्याला एकट्याला धाडतं. नंतरच्या संस्कृत दिव्यावदानात मात्र तो सोपाऱ्यात चंदनाचा विहार बांधतो आणि बुद्ध भिक्षूंसह आकाशमार्गे येतात. शिवाय सुत्तात पूर्ण जिथे जातो ते सुनापरांत आमच्याकडेच होतं, असा ब्रह्मदेशाचाही दावा आहे. हे मी सांगितलं तेव्हा सर दुखावले. ब्रह्मदेशाने विरारकरांच्या हक्कावर हात टाकावा, हे त्यांना रुचलं नाही.

मला दिव्यावदानातली दुसरीच जागा आवडते. पूर्ण समुद्रप्रवासात असताना जहाजावरचे श्रावस्तीचे व्यापारी पहाटे काही म्हणत असतात. गाणी छान आहेत, तो म्हणतो. गाणी नव्हेत, बुद्धवचन आहे, ते सांगतात. तिथून त्याचं आयुष्य फिरतं. सकाळच्या लोकलमधल्या टाळांसारखंच हे, पोटापाण्याच्या वाटेवरचं. बंदरात माल उतरतो तसा विचारही असाच उतरत असणार, शेजारच्याच्या तोंडून. त्यासाठी बुद्धांना आकाशमार्गे यायची गरज नाही.

एव्हाना उन्हं चढली होती. माझ्या यादीत जीवदानी आणि चिमाजी अप्पांचा वसईचा किल्ला होता, दोन्ही राहिलं. स्तूपापाशी एक आजी नातवाला घेऊन आल्या. 'जय भीम' झालं. आजींनी मेणबत्ती लावली, वाऱ्याने ती विझली, नातवाने तळहाताचा आडोसा करून पुन्हा लावली. "तुम्ही सरकारी का?" त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर निवांत बसल्या आणि डब्यातला लाडू आम्हालाही दिला. बुद्ध इथे आले होते का, असं मी विचारणार होतो. सरांनी डोळे वटारले.

बुद्ध आले की नाही ते राहू दे, अशोकाचा शब्द मात्र इथे आला होता. सोपाऱ्यात त्याचे चौदा शिलालेख असणार. हाती आले दोनच लेखांचे तुकडे. आठव्याचा भगवानलालांना १८८२मध्येच भातेला तलावाजवळ मिळाला. नवव्याचा भुईगावला १९५६मध्ये सापडला, बाबासाहेबांच्या धम्मदीक्षेच्याच वर्षी. नवव्यात अशोक लग्नकार्यात, प्रवासाला निघताना लोक करतात त्या क्षुल्लक विधींवर बोलतो. तीन तास चाललेलं आदल्या दिवशीचं लग्न आठवून मी सरांकडे पाहिलं. "आमच्या पुतणीचं होतं," ते म्हणाले.

आठवा लेख मात्र प्रवासाचाच. पूर्वीचे राजे शिकारीच्या सहलींना जात, मी राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर संबोधीला गेलो आणि तेव्हापासून धर्मयात्रा करतो, असं तो सांगतो. यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटावं, दान द्यावं, वृद्धांची विचारपूस करावी, गावोगावच्या लोकांना भेटून धर्माविषयी बोलावं. काय पाहावं याची यादी नाही, कुणाला भेटावं याची आहे. त्या हिशेबाने किल्ला चुकवलेली माझी सकाळ वाया गेली नव्हती.

हा आठवा लेख आज मुंबईच्या वस्तुसंग्रहालयात आहे, करंडक टाऊन हॉलमध्ये एशियाटिक सोसायटीकडे. जपणुकीसाठी ते ठीकच. पण वसई-विरारच्या शाळांनी वर्षातून एकदा पोरांना या विटांपाशी आणावं आणि आठवा लेख मराठीतून मोठ्याने वाचून घ्यावा. मी हे सुचवताच सर खूश झाले. आधी मात्र बुद्ध इथे आले होते हे पोरांना सांगायचं, ही त्यांची अट. ती मला अजूनही मान्य नाही.